धाप थांबली म्हणजे दमा गेला असे नाही. पंप नेमका काय करतो?

काष्टी (ता. श्रीगोंदा) : शनिवारचा जनावरांचा बाजार भरला की काष्टीत सकाळपासून धुरळा उडतो. खुरांनी उधळलेली माती, कडब्याचा भुसा, टेम्पोंचा धूर. निरोगी माणूस दोनदा शिंकून पुढे जातो. दमा असलेल्याची छाती मात्र आवळू लागते. ऊसतोडीच्या दिवसांत पेटवलेले पाचट, चुलीचा धूर आणि पहाटेचा गारठा यांची त्यात भर पडते.

'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज'च्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३.४ कोटी लोकांना दमा आहे. जगातील दम्याच्या रुग्णांत आपला वाटा साधारण १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तो ४० टक्क्यांहून अधिक. औषध बाजारात नाही असे नव्हे. ते चुकीच्या पद्धतीने, किंवा अर्धवट घेतले जाते, हे यामागचे एक मोठे कारण आहे.

दोन पंप, दोन कामे

दम्यात श्वासनलिकांना आतून कायमची सूज असते. धूळ, धूर, थंडी किंवा सर्दीचे निमित्त झाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो.

साल्ब्युटामॉलचा, बहुतेकदा निळा असलेला पंप आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत मोकळे वाटते. सूज मात्र तशीच राहते. ती उतरवण्याचे काम बुडेसोनाइडसारख्या श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचे. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस ते आठवडे लागतात. म्हणून 'याने काही होत नाही' असे म्हणत तोच पंप आधी बंद होतो. घोडे इथेच पेंड खाते. केवळ निळ्या पंपावर भागवू नये, असे 'जीना' ही दम्यावरील जागतिक तज्ज्ञांची संस्था २०१९ पासून सांगते आहे. अनेकांना आता दोन्ही प्रकारची औषधे असलेला एकच पंप दिला जातो.

'पंपाची सवय लागते'?

नाही, लागत नाही. चष्मा रोज लावावा लागतो, त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट कमी. पोटातून साऱ्या अंगात फिरण्याऐवजी ते थेट छातीत जाते. खरी भीती बाळगायची ती चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांची. त्या लगेच बरे वाटवतात आणि हळूहळू साखर वाढवतात, हाडे ठिसूळ करतात.

कोजागरीला खिरीतून किंवा मृग लागताना हैदराबादला माशातून दम्याचे औषध घेणारे अनेक आहेत. श्रद्धा ज्याची त्याची; पण त्यासाठी पंप सोडणे जिवावर बेतू शकते. अंगदुखीची गोळी दुकानातून घेतानाही दमा असल्याचे सांगावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनने काहींना झटका येतो.

फवारा तोंडातच राहतो

डबी हलवावी, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटावेत, दाबतानाच सावकाश खोल श्वास घ्यावा आणि दहा सेकंद रोखावा. हा मेळ जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी वापरावी. लहान मुलांना आणि वयस्करांना तर ती हवीच. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरा बुरशीचा थर येतो. पावडरची कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते. ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात!

प्रत्येक धाप दम्याची नसते. हृदयाचा आजार किंवा चुलीच्या धुराने झालेला फुप्फुसाचा विकारही असू शकतो. म्हणून फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, एकदा तरी करून घ्यावी.

झटका आला तर

रुग्णाला आडवे न करता ताठ बसवावे. निळ्या पंपाचे चार फवारे, एकेक करून, शक्यतो स्पेसरमधून द्यावेत. चार मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही उतार नसेल तर १०८ ला फोन लावावा. रुग्णवाहिका येईपर्यंत फवारे सुरू ठेवावेत. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर वाट न पाहता आधी फोन. छातीतली शिट्टी अचानक थांबली आणि माणूस मलूल झाला, तर तो उतार समजू नये. हवा आत जाणेच थांबत आलेले असते.