गायतोंडेंच्या चित्रात समुद्र शोधताना

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभा राहिलेला माणूस बहुधा आधी समुद्र शोधतो. निळसर करडा पृष्ठभाग, मध्येच क्षितिजासारखी आडवी पट्टी, तिच्याभोवती विरघळत चाललेले आकार. मग धुकं दिसतं, खडक दिसतात, पाण्याखालचा तळही दिसतो. हे पाहणं चूक नाही, पण अपुरं आहे. निसर्गाकडून या चित्रकाराने आकार घेतले नाहीत. घेतली ती निसर्गाची काम करण्याची रीत.

१९२४ साली नागपुरात जन्मलेले, घराणं गोव्याचं आणि वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. सुरुवातीच्या चित्रांत माणसं होती, लघुचित्रांची आणि चित्रकार पॉल क्लेची ओढ होती. पुढे वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये स्टुडिओ मिळाला. तिथे रविशंकरांची सतार होती, अल्काझींचं नाटक होतं आणि लगतच अरबी समुद्र. गायतोंडे त्या समुद्राकडे तासन्‌तास बघत बसत, असं त्यांचे सोबती सांगत. पन्नासचं दशक सरता सरता चित्रांतली माणसं गेली.

त्यांचं काम जवळून पाहावं असं आहे. पातळ केलेला तैलरंग ते रोलरने कॅनव्हासवर पसरत. त्यावर कागदाचे फाडलेले तुकडे दाबून उचलत. रंग कुठे उतरे, कुठे निघून येई. मग पॅलेट नाइफने खरवडणं, थांबणं, वाळू देणं, वर आणखी एक थर. खालचा रंग वरच्यातून झिरपून दिसतो तो यामुळे. किनाऱ्यावर ओल, मीठ आणि ऊन दगडावर जे वर्षानुवर्षं करतात, त्याच्या फार जवळचं हे काम आहे.

अंतःप्रेरणा म्हटलं की आपल्याला झपाट्याने मारलेले फटकारे आठवतात. इथे उलट आहे. गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. बाकीचा वेळ वाट पाहण्यात, वाचनात, संगीत ऐकण्यात जाई. झेनचं वाचन आणि खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांची शिकवण त्यांना जवळची होती. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर मुंबई सोडून दिल्लीत स्थायिक झाले आणि २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक किंमत आली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरलं. 'चिन्ह' या कलाविषयक नियतकालिकाच्या सतीश नाईक यांनी मराठीत त्यांच्यावर ग्रंथ काढला, हे मला लिलावापेक्षा मोलाचं वाटतं. कारण किमतीच्या बातम्यांनी चित्र पाहण्याची सवय लागत नाही.

मुंबईत काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही आहेत. निकल्सन दालनात त्यांचं चित्र मांडलेलं असेल तेव्हा जरूर जा, आणि त्या एकाच चित्रासमोर निदान पंधरा मिनिटं उभे राहा.