इंजिन नंतर, आधी गेम

हौस म्हणून गेम इंजिन लिहिताय? मग आधी गेम ठरवा, तोही छोटा. १९७२ च्या ‘पाँग’मध्ये दोन फळ्या, एक चेंडू आणि गुण, एवढंच होतं. त्यासाठी चित्र काढणं, फळी हलवणं, टक्कर तपासणं पुरतं. सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर फेरीला जेमतेम १६.७ मिलिसेकंदांत. सावल्या, थ्रीडी नंतर बघू. लक्ष उडतं ते आळसामुळे नाही (घरचे काहीही म्हणोत). इंजिन ‘झालं’ असं म्हणायची जागाच नसते. गेमला ती असते. प्रश्न न ठरवता लिहिलेला सिम्युलेशनचा कोडही असाच फुगत जातो.

‘गोडो’ इंजिनसुद्धा अर्जेंटिनातल्या दोघांनी आधी गेम बनवायच्या कामात वापरलं, २०१४ मध्ये सगळ्यांना खुलं केलं.

आता वेळेचं. शहापूरकरांना आसनगावहून लोकल तरी मिळते. मुरबाडहून कल्याणपर्यंत एसटीच. उरलेला वेळ तुकड्यांनीच हाती येतो. म्हणून उठताना कोडमध्येच मराठीत एक ओळ लिहा: ‘वेग वाढला की चेंडू फळीतून आरपार जातो, एका फेरीत तो फळीच्या जाडीपेक्षा जास्त सरकतोय का, ते बघ.’ दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा.