तिसऱ्या खेपेचा रुग्ण : गंभीर आजाराचे निदान वेळीच व्हावे यासाठी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, बाळंतपणे आणि जमाखर्च यांचे तपशील दिले जातात. ते याही अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. परंतु एक आकडा कोणत्याही रुग्णालयाच्या अहवालात सहसा आढळत नाही. ज्या रुग्णाला अखेरीस गंभीर आजार असल्याचे निष्पन्न झाले, तो त्यापूर्वी किती वेळा डॉक्टरांच्या दारी येऊन गेला होता, हा तो आकडा होय. आमच्याही अहवालात तो आजवर नव्हता. तो का नव्हता आणि यापुढे का असावा, हे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

एक मुलगी आणि चार कागद

अहवालवर्षात एका पहाटे नऊ वर्षांच्या मुलीला तिचे वडील आमच्याकडे घेऊन आले. ओळख पटेल असा अधिक तपशील येथे हेतुपुरस्सर दिलेला नाही. तिला धाप लागली होती, ताप होता आणि छातीत दुखत होते. प्राणवायू सुरू करून तिला प्रथम गोंदियाला आणि तेथून नागपूरला हलवावे लागले. निघण्यापूर्वी वडिलांनी कापडी पिशवीतून जुने कागद काढून दिले. कर्तव्यावरील डॉक्टरांनी ते तारखेप्रमाणे टेबलावर मांडले.

पावसाळ्याच्या आरंभी ताप : तीन दिवसांचे औषध. रोवणीच्या दिवसांत गुडघे व मनगटे दुखणे : वेदनाशामक गोळ्या. नवरात्राच्या सुमारास डोळे पिवळसर : काविळीचे पथ्य. दिवाळीनंतर अशक्तपणा, रक्त कमी : लोहाच्या गोळ्या व टॉनिक. चारपैकी एक कागद गावाकडील खासगी डॉक्टरांचा होता. उरलेले तीन आमच्याच रुग्णालयाचे होते.

प्रत्येक कागदावरील उपचार त्या दिवसाच्या तक्रारीला धरून होता. परंतु चारही कागद एका ओळीत वाचल्यावर त्यांतून एकच आजार बोलू लागला : सिकलसेल. नागपूरच्या तपासणीत तो निश्चित झाला. उपचारांना यश येऊन मुलगी घरी परतली, हे आमचे भाग्य. परंतु जे निदान पहाटे, धाप लागल्यानंतर झाले, ते काही महिने आधी, दिवसाउजेडी, रक्ताच्या एका थेंबावर होऊ शकले असते, हेही तितकेच खरे आहे. ही उणीव आमची आहे आणि ती या अहवालात नोंदवणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

डॉक्टर चुकतात की पद्धत चुकते?

अशा प्रसंगी डॉक्टरांना दोष देणे सोपे असते. वस्तुस्थिती मात्र थोडी वेगळी आहे. पहिल्या दवाखान्यात येणाऱ्या शंभर तापकऱ्यांपैकी बहुतेक चार दिवसांत बरे होतात. गंभीर आजार त्या गर्दीत अगदी विरळ असतो आणि आरंभी तो साध्या आजाराचाच वेष घेऊन येतो. इंग्लंडसारख्या सुसज्ज देशातही एका पूर्णवेळ फॅमिली डॉक्टरकडे वर्षाकाठी हजारो रुग्णभेटी होतात, परंतु त्यांत कर्करोगाचे नवे रुग्ण साधारणपणे सात-आठच असतात. प्रत्येक डोकेदुखीला मोठी तपासणी सांगणारा डॉक्टर रुग्णाला कर्जबाजारी करील आणि एकाही डोकेदुखीला न सांगणारा डॉक्टर एखाद्याचा जीव गमावील. मग ओळखायचे कसे?

याचे उत्तर बहुधा पहिल्या भेटीत नसते, ते पुनर्भेटीत असते. साधा आजार औषधाने किंवा औषधाविनाही ओसरतो. जो ओसरत नाही, परत येतो, किंवा रूप बदलून येतो, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील फॅमिली डॉक्टरांसाठी नेमका हाच दंडक जाहीर केला : तेच लक्षण घेऊन किंवा वाढत जाणाऱ्या तक्रारींसह रुग्ण तिसऱ्यांदा आला आणि निदान ठरले नसेल, तर आधीचा विचार बाजूला ठेवून पुन्हा नव्याने विचार करावा. वीस-बावीस वेळा डॉक्टरांशी संपर्क साधूनही जिच्या कर्करोगाचे निदान वेळेत झाले नाही, अशा एका तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईवडिलांनी केलेल्या दीर्घ प्रयत्नांतून हा नियम आला.

नियम साधा आहे, परंतु त्याला एक पूर्वअट आहे. ही तिसरी खेप आहे, हे डॉक्टरांना कळले पाहिजे. आमच्याकडे नेमके तेच कळत नव्हते.

हिशेबाची भाषा प्रशासनाला जवळची असते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही म्हणजे रोजकीर्द. त्या दिवशी कोण आले, काय तक्रार होती, काय दिले, एवढे तिच्यात उतरते. परंतु नुसत्या रोजकीर्दीवरून कोणत्याही व्यापाऱ्याला कोणाकडे किती बाकी आहे हे कळत नाही. त्यासाठी खतावणी लागते, प्रत्येकाचे स्वतंत्र खाते लागते, मागील शिल्लक पुढे ओढावी लागते. आमच्याकडे प्रत्येक भेटीला नवा केसपेपर निघत असे. पैशांची खतावणी आम्ही काटेकोर ठेवली, रुग्णांची ठेवली नाही. त्यामुळे त्या मुलीची प्रत्येक खेप कागदोपत्री पहिलीच ठरली.

सालेकशाची परिस्थिती

आपला तालुका छत्तीसगडच्या सीमेला लागून, डोंगर आणि जंगलाचा. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग येथून जात असला तरी गोंदियापासून नागपूर आणखी सुमारे १३० किलोमीटर आहे. मोहफुले, तेंदूपत्ता, रोवणी, धानकापणी या हंगामांत एका दिवसाची मजुरी बुडणे घराला परवडत नाही. त्यामुळे रुग्ण दुखणे अंगावर काढतो, थोडे बरे वाटले की पुन्हा दाखवायला येत नाही आणि पुढच्या वेळी जो डॉक्टर जवळ सापडेल त्याच्याकडे जातो. एकाच आजाराचे कागद अशा रीतीने तीन दवाखान्यांत विखुरतात.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. क्षयरोगाच्या निदानाला भारतात किती विलंब होतो, यावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत मध्यमानाने सुमारे ५५ दिवस गेल्याचे त्यात दिसले. त्यांपैकी सुमारे १८ दिवस रुग्ण डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीचे होते, तर सुमारे ३१ दिवस डॉक्टरांकडे गेल्यानंतर निदान होईपर्यंतचे होते. निदानापूर्वी रुग्णाने सरासरी २.७ ठिकाणी उपचार घेतले होते. अर्थात रुग्ण उशिरा येतो ही आपली नेहमीची तक्रार अर्धीच खरी आहे. तो आल्यानंतरचा उशीर अधिक मोठा आहे आणि तो कमी करणे आपल्या हाती आहे.

तीन आजार, तीन साध्या खुणा

आमच्या डॉक्टरांशी विचारविनिमय करून आम्ही आरंभी तीन आजार निवडले.

पहिला सिकलसेल. हा आनुवंशिक रक्तविकार पूर्व विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर नष्ट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून कधी रक्त कमी, कधी कावीळ, कधी सांधेदुखी, कधी छातीचा विकार अशी त्याची रूपे दिसतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः सहसा निरोगी दिसतात, त्यामुळे घरात कोणालाच शंका येत नाही. सोल्युबिलिटी चाचणीने काही मिनिटांत प्राथमिक अंदाज येतो आणि इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने वाहक की रुग्ण हे निश्चित होते. निदान लवकर झाल्यास लसीकरण, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया आणि पाणी, थंडी, ताप यांबाबतची काळजी यांमुळे मूल शाळेत जाऊ शकते, मोठे होऊ शकते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु शिबिराच्या दिवशी जे मूल आईबरोबर रानात गेले असेल, त्याला ओळखण्याची जबाबदारी पहिल्या दवाखान्याचीच राहते.

दुसरा क्षयरोग. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनातील घट, यांपैकी काहीही आढळले तर खोकल्याचे दुसरे औषध देण्यापूर्वी थुंकीची तपासणी. ही तपासणी व उपचार शासनामार्फत विनामूल्य आहेत.

तिसरा मुखाचा कर्करोग. खर्रा आणि तंबाखूचे आपल्या भागातील प्रमाण सर्वज्ञात आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, तीन बोटे उभी जाणार नाहीत इतके आखडलेले तोंड, या खुणा पाहण्यास एक टॉर्च आणि एक मिनिट पुरते. परंतु पोटदुखीसाठी आलेल्या रुग्णाचे तोंड उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

यंत्राविना झालेले काम

मोठ्या यंत्रसामग्रीशिवाय निदान लवकर होऊ शकते काय, अशी शंका कोणी घेईल. आपल्याच राज्यात त्याचे उत्तर मिळते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जात, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करीत. काही वर्षांतच तेथील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या आणि १९९५ साली हा निष्कर्ष शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्त्यांना बालकाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९० साली जगापुढे आले. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरले ते वेळेवर पाहणे, मोजणे आणि पाठपुरावा करणे.

आम्ही काय करीत आहोत

पहिली गोष्ट, प्रत्येक रुग्णाला कायमचा एक क्रमांक आणि एकच फाईल. नवा कागद जुन्या कागदाच्या वरच लावला जाईल. दुसरी, त्याच किंवा संबंधित तक्रारीसाठी सहा महिन्यांत तिसऱ्यांदा आलेल्या रुग्णाच्या फाईलवर नोंदणी कक्षातच लाल खूण केली जाईल आणि त्या दिवशी त्याला डॉक्टर अधिक वेळ देतील. तिसरी, परिसरातील खासगी डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आशा ताई यांनी पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाबाबत त्यांना लेखी उत्तर जाईल. रुग्ण पाठवला आणि पुढे काय झाले ते कळलेच नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. निदान काय झाले हे कळल्याशिवाय पुढचा रुग्ण ओळखण्याची त्यांची नजर तयार होणार तरी कशी? चौथी, तपासणीस सांगितलेला रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, तर त्याच्या गावी निरोप जाईल.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, जुने कागद, मग ते कोणत्याही दवाखान्याचे असोत, एका पिशवीत जपून ठेवावेत आणि दर वेळी सोबत आणावेत. “डॉक्टरसाहेब, या दुखण्यासाठी आमची ही तिसरी खेप आहे,” असे निःसंकोच सांगावे. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही, उलट त्यांना साहाय्य आहे.

देणगीदारांना निवेदन

आपल्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या खोल्यांवर आणि यंत्रांवर आपल्या नावांच्या पाट्या आहेत आणि त्यांचा आम्हांस अभिमान आहे. या वेळी मात्र आम्ही ज्यासाठी मदत मागत आहोत, त्यावर पाटी लावता येणार नाही. चाचणीची रसायने, फायली ठेवण्याची कपाटे, नोंदी सांभाळणारा एक लिपिक, निरोप घेऊन गावी जाणाऱ्या कार्यकर्त्याचे पेट्रोल, नागपूरला निश्चितीच्या तपासणीसाठी जाणाऱ्या कुटुंबाचे भाडे आणि बुडालेली मजुरी, असा हा खर्च आहे. शासनाच्या आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांचा भार उचलतात. निदानापर्यंतची पायपीट मात्र बहुधा कुटुंबालाच आपल्या खर्चाने करावी लागते. तेथे आपला हात हवा आहे.

गंभीर आजाराचे निदान होण्यापूर्वी रुग्ण आमच्याकडे किती वेळा येऊन गेला होता, हा आकडा पुढील वर्षापासून आम्ही अहवालात देणार आहोत. तो आरंभी भूषणावह नसेल. तरीही आपण तो वाचावा आणि दरवर्षी तो कमी होतो की नाही याचा जाब आम्हांला विचारावा.

जाता जाता, त्या मुलीविषयी. ती आता नियमित औषधे घेते आणि शाळेत जाते. तिच्या फाईलला नव्या पद्धतीतील पहिला क्रमांक दिलेला आहे. तिच्या पाठच्या दोन वर्षांच्या भावालाही आम्ही तपासणीसाठी बोलावले. त्यालाही हाच आजार निघाला. त्याला अद्याप एकदाही दुखलेले नव्हते. त्याचे निदान पहिल्याच खेपेस झाले.