मित्रांची मालिका कशाने टिकते?

फिलाडेल्फियात बार चालवणाऱ्या स्वार्थी, भांडकुदळ मित्रांची ‘इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया’ ही मालिका २००५मध्ये सुरू झाली. २०२१च्या पंधराव्या पर्वाने, ॲनिमेशन वगळता, ती अमेरिकेतली सर्वाधिक पर्वांची विनोदी मालिका ठरली. हे यश नुसत्या विनोदाचे नाही, रचनेचेही आहे. एका पर्वात सात ते पंधराच भाग, मग लेखकांना उसंत. आणि पात्रे सुधारतच नसल्याने कथा ओढूनताणून लांबवावी लागत नाही.

मराठीत ‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१५मध्ये झी मराठीवर आली. २०१७मध्ये त्याच कलाकारांनी ‘दिल दोस्ती दोबारा’त ‘खयाली पुलाव’ हे हॉटेल चालवणारे मित्र रंगवले. पण ही मालिका काही महिन्यांतच संपली. आपल्या कुटुंबवत्सल प्रेक्षकाला अशी पात्रे रुचत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही, कारण ‘दिल दोस्ती दुनियादारी’तली एकाच घरात राहणारी मुले-मुली याच प्रेक्षकाने आपलीशी केली. अडचण रोजच्या भागांच्या रतिबाची आहे. दरवर्षी छोटे पर्व, हा त्यावरचा उपाय. आणि हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही, भाषेचाही आहे. गोंदियाला लागून असलेल्या, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात शाळा आणि कचेरी हिंदीत चालतात. तिथल्या मराठी घरांतल्या तरुणांना आजची, हसती-भांडती मराठी कानावर पडत राहायला हवी. म्हणून अशी मालिका टिकणे महत्त्वाचे आहे.