घरचा आजार डॉक्टरांना सांगा

आपल्या नागपूर भागात सिकलसेल हे नाव पुष्कळांच्या कानावर आहे. रक्ताचा हा दोष आईबापांकडून मुलांत येतो. म्हणून घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासतात. असाच आईबापांकडून येणारा दुसरा एक दोष आहे. त्यात रक्तातली चरबी जन्मापासूनच फार वाढलेली असते. त्याची माहिती मात्र थोड्यांनाच आहे.

या चरबीला कोलेस्टेरॉल म्हणतात. शरीराला ती थोडी लागतेच. जास्तीची चरबी यकृत रक्तातून ओढून घेते. पण काहींच्या यकृताला हे काम जन्मापासूनच नीट जमत नाही. मग पाटात गाळ साचावा, तशी ती चरबी रक्तवाहिन्यांत साचते. शेवटी हृदयाचा रक्तपुरवठा अडतो. अमेरिकेतील ब्राऊन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधले. त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सुमारे ३०० माणसांत एकाला हा दोष असतो. आई किंवा बाप, एकाला असला तरी प्रत्येक मुलात तो येण्याचा संभव निम्मा असतो. दोघांनाही असला, तर एखाद्या मुलात तो फार जोराचा येतो आणि लहानपणीच हृदय बिघडते. मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

हा दोष लुकड्या माणसालाही असतो. तूप न खाणाऱ्यालाही असतो. काहींच्या टाचेमागे किंवा बोटांच्या सांध्यांवर गाठी येतात. काहींच्या बुबुळाभोवती तरुणपणीच पांढरट कडे दिसते. पुष्कळांना मात्र काहीच दिसत नाही.

मग डॉक्टरांना हे कळत नाही का? आम्ही त्यांना दोष देत नाही. त्यांच्या दारात रोज गर्दी असते. ऑस्ट्रेलिया, मलेशिया या देशांत साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांना याविषयी प्रश्न विचारले गेले. हा दोष मुलांत किती उतरतो, हे पुष्कळांना नीट सांगता आले नाही. तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपणच सांगावे.

काय सांगाल? असे सांगा : "डॉक्टरसाहेब, माझे वडील पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयाच्या झटक्याने गेले. काकांचेही तसेच झाले. माझ्या रक्तातली चरबी तपासता का?"

तपासणीच्या कागदावर एलडीएल असे लिहिलेले असते. मोठ्या माणसाचा तो आकडा १९० किंवा वर असला, तर या दोषाची शंका घ्यावी. गावच्या आरोग्य केंद्रात सोय नसेल, तर नागपूरला मेडिकलमध्ये जावे. एकाला दोष निघाला, की त्याचे भाऊ, बहिणी आणि मुले यांचेही रक्त तपासावे.

यावर औषध आहे. स्टॅटिन नावाची गोळी रोज घ्यावी लागते, आणि जन्मभर. बरे वाटते म्हणून ती सोडू नये. बाईला दिवस राहिले, किंवा मूल हवे असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. बिडी आणि खर्रा मात्र सोडावाच.

घरातला कर्ता पुरुष चाळिशीत गेला, की लोक म्हणतात, "नशिबात होते." आम्हीही पूर्वी तसेच म्हणत होतो. पण बापाचे शेत मुलाकडे येते, तसा हा दोषही येतो. शेताचा सातबारा आपण वेळेवर काढतो. मग रक्ताची तपासणी का टाळावी?