ओलसर चामड्यावरचा ठसा

कोल्हापुरी चपलेची कीर्ती तिच्या करकरीमुळे आणि टिकाऊपणामुळे दूरवर पसरली असली, तरी नाशिकच्या मेन रोडवर ती विकत घेणाऱ्यांपैकी, पावलाखालच्या तळाच्या कडेने ठिपक्यांची, पानांची वा चौकड्यांची जी बारीक नक्षी धावत गेलेली असते, तिच्याकडे निरखून पाहणारे थोडेच. अस्सल हातकामाच्या चपलेत ही नक्षी कारागिराने धातूचा ठसा चामड्यावर उभा धरून, त्याच्या माथ्यावर एकेक ठोका घालीत उठविलेली असते. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी या चपलेला २०१९ साली संयुक्त भौगोलिक मानांकन मिळाले व तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु ठशांची ही विद्या ज्याला स्वतः हस्तगत करावयाची आहे, त्याने आरंभ करावा तो चामड्याच्या पारखीपासून.

कारण प्रत्येक चामडे ठसा धरीत नाही. बाभळीची साल, हिरडा अशा द्रव्यांच्या अर्कात कमावलेल्या कातड्याच्या तंतूंशी त्यांतील टॅनिन एकजीव होते, आणि असे चामडे पाण्याने मऊ पडते, दाबावे तसे दबते, व वाळल्यावर तो दाब कायम राखते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत प्रचारात आली आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. तिच्यातून निघणारे लवचीक चामडे पिशव्यांना सोयीचे खरे, पण त्यावरचा ठसा हळूहळू वर येऊन पुसट होतो. कापलेल्या कडेत निळसर-करडी झाक दिसली तर तो तुकडा बहुधा क्रोमचा. वरून टाकलेला पाण्याचा थेंब शोषून जो चटकन गडद होतो, तो आपल्या कामाचा.

यापुढचे पुष्कळसे कौशल्य पाण्याचे आहे. स्पंजाने चामडे भिजविल्याबरोबर ठसा मारण्याची उतावीळ करू नये. पाणी आतपर्यंत मुरू द्यावे, आणि पृष्ठभागाचा मूळ फिकट रंग परतू लागला आहे, पण तुकडा गालाला लावला असता गारवा अजून जाणवतो आहे, अशी अवस्था येईपर्यंत थांबावे. अति ओल्या चामड्यात ठसा बोथट होतो, कोरड्यात तो उथळ आणि निस्तेज उमटतो. योग्य ओलीत मात्र ठोका पडताच ठशाच्या तळाशी आपोआप गडद तपकिरी छटा चढते, आणि कोणत्याही बाटलीतल्या रंगाला तिची सर येत नाही. नाशिकला वैशाखात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ही अवस्था पाहता पाहता निघून जाते, श्रावणात तीच दीर्घकाळ रेंगाळते. म्हणून घड्याळापेक्षा गालाची साक्ष खरी मानावी.

हत्यारे फारशी लागत नाहीत. खाली ग्रॅनाइटचा जाड तुकडा, रेघ कापण्याची सुरी, दोन-चार ठसे आणि लाकडी मोगरी एवढ्यावर काम भागते. लोखंडी हातोडी टाळावी, कारण तिने ठशांचे माथे पसरून बिघडतात.

शिकणाऱ्याची कसोटी लागते ती गोधडीच्या चौकडीत. खोगिरावर आणि जीनाच्या गादीवर टाके घालून जे फुगीर शंकरपाळी चौकोन उठविले जात, त्यांचा आभास येथे सुईदोऱ्यावाचून, केवळ दाबाने निर्माण करावयाचा असतो. पट्ट्याच्या मध्यरेषेवरून दोन्ही बाजूंना तिरप्या रेषा आखून, त्या सुरीने जाडीच्या एक-तृतीयांशाहून कमी खोल कापाव्यात, आणि मग उतरत्या तोंडाचा ठसा रेषेच्या दोन्ही अंगांनी, आधीच्या ठोक्यावर अर्धा चढवीत, सावकाश पुढे सरकवावा. रेषेलगतची जमीन दबत जाते आणि मधले घर आतून कापूस भरल्यासारखे वर येते. रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे मोहरीएवढा गोल ठसा मारला, की टाक्याचा भास पुरा होतो. यात क्षमा कशालाच नाही: घरामागे अर्धा मिलिमीटर चुकला तर विसाव्या घराशी तो एक सेंटीमीटर होतो. शिवाय ठोक्यांनी चामडे पसरून आखणी वाकडी होते, म्हणून पाठीवर आधी चिकटपट्टी लावून घेणे शहाणपणाचे.

ही विद्या आजवर जगविली ती चर्मकार आणि जीनगर घराण्यांनी, आणि समाजाने त्यांची वस्तू पायात घातली, पण करणाऱ्याला दाराबाहेर उभे केले. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच्या पुढाऱ्यांत पां. ना. राजभोज हे चर्मकार समाजातले, नाशिक जिल्ह्यातच जन्मलेले कार्यकर्ते होते, ही गोष्ट छंद म्हणून चामडे हाती घेणाऱ्या आजच्या सुशिक्षित मंडळींनी ध्यानात ठेवावी. त्यांनी परदेशी ठशांचा महागडा संच मागविण्याअगोदर एखाद्या जाणत्या कारागिराशेजारी बसून ठोका कसा पडतो ते पाहावे, आणि त्या शिकवणीचे मोल घासाघीस न करता रोख चुकवावे. संत रोहिदासांच्या नावाने चालणारे शासनाचे चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून अस्तित्वात आहे. त्याने नाशकात नक्षीकामाचा एक सायंवर्ग काढून तेथे अशाच कारागिरांची पगारी शिक्षक म्हणून नेमणूक करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.