लाल झेंडीवाला कॅमेरा

रोज खिशात-पिशवीत टाकून हिंडायला रोलचा जुना, स्वस्त कॅमेरा घ्यायचा म्हटलं की लोक आधी लेन्सची कुळकथा विचारतात. मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळाच हवा. कॅमेरा धड आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं का? तेही रोल न भरता, सेल न घालता?

या कसोटीला ऑलिंपसचा ट्रिप ३५ पुरेपूर उतरतो. हा जपानी कॅमेरा १९६७ साली आला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात डेव्हिड बेलीसारख्या नामांकित छायाचित्रकाराला घेऊन त्याच्या जाहिराती झाल्या आणि तो तिथे घरोघरी पोचला. म्हणून आजही जुन्या सामानात तो हमखास निघतो.

लेन्सभोवती बारीक बुडबुड्यांचं जे कडं दिसतं, त्याच्या आत सेलेनियम असतं. त्यावर उजेड पडला की वीज तयार होते आणि तिने मीटरचा काटा हलतो. बटण दाबताच काटा असेल तिथे पकडला जातो आणि त्यावरून अ‍ॅपर्चर ठरतं. शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद, आणि त्यातला कुठला घ्यायचा तेही कॅमेराच बघतो. आपण फक्त अंतर ठरवायचं: एक डोकं, दोन डोकी, घोळका, डोंगर अशी चार चित्रं लेन्सवर आहेत. उजेड पुरेसा नसेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. रोलचे आजचे भाव पाहता हा अडेलपणा मला फार आवडतो.

तपासणीही त्या झेंडीनेच करायची. लेन्सवरचं अ‍ॅपर्चरचं कडं ‘ए’वर, म्हणजे ऑटोवर ठेवा, रोल पुढे सरकवतो तसं चाक फिरवा, लेन्स तळहाताने झाका आणि बटण दाबा. झेंडी यायला हवी. मग खिडकीकडे रोखून पुन्हा दाबा, आता खटका पडायला हवा. त्याच काळातल्या कितीतरी कॅमेऱ्यांना पाऱ्याचे सेल लागत. ते आता बनत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मीटरबद्दल दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागतं.

मग मागचं दार उघडा. कडेच्या काळ्या स्पंजचा चिकट चिखल झालेला असतोच. तो बदलणं घरबसल्याचं काम आहे, पण भाव पाडताना त्याचा उल्लेख जरूर करावा. दार उघडंच ठेवून उजेडाकडे धरा आणि तेच कडं आधी २.८ वर, मग २२ वर ठेवून खटका पाडा. अ‍ॅपर्चरची पाती तेलाने चिकटली असतील तर भोकाचा आकार २.८ वर आणि २२ वर सारखाच दिसेल. असा कॅमेरा मुकाट्याने परत ठेवावा, कारण ही दुरुस्ती बहुधा कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते.

झेंडी मात्र हटत नसेल, म्हणजे सेलेनियम थकलेलं असेल, तरी लगेच नाक मुरडू नका. कडं ‘ए’वरून काढून आकड्यावर आणलं की शटर १/४० वर चालतं. १०० चा रोल, लख्ख ऊन आणि अ‍ॅपर्चर २२, एवढ्यावर फोटो नीट येतो. फक्त भाव मेलेल्या मीटरचा द्यायचा.